लोकल रेडिओ स्टेशन्सनी जुन्या गाण्यांचा फॉरमॅट परत आणावा का?

तुम्ही विचारलंय की मोबाइलवर हवं ते गाणं दोन सेकंदात मिळत असताना लोकल एफएमवर जुन्या गाण्यांचा फॉरमॅट परत आणण्यात काही अर्थ आहे का. माझं उत्तर सरळ हो, आणायलाच पाहिजे. फक्त "रेट्रो" असं नाव देऊन तीच ती साठ-सत्तर हिंदी गाणी आलटून पालटून लावणार असतील तर नका आणू, कारण तेच ऐकून ऐकून लोक कंटाळतात, स्टेशन बदलतात आणि मग स्टेशनवाले म्हणतात बघा, जुनं चालत नाही.

आधी मोबाइलचा मुद्दा घेऊ. मोबाइलवर गाणं लावायला हात मोकळा लागतो, नजर मोकळी लागते आणि मुळात कोणतं गाणं हवंय ते आठवावं लागतं. आमच्या गल्लीत एक टेलरकाका आहेत, खिडकीच्या गजाला रेडिओ अडकवलेला, दिवसभर विविध भारती चालू. दोन्ही हात कापडावर, पाय मशीनवर, ते कुठून सर्च करणार? आणि मी कितीतरी वेळा बघितलंय, आवडीचं गाणं लागलं की काका मशीन थांबवतात आणि हुक-बटणं लावायचं काम पुढ्यात ओढतात, कारण मशीनच्या आवाजात अंतरा नीट ऐकू येत नाही, गाणं संपलं की परत मशीन सुरू. अशी माणसं भरपूर आहेत, स्वयंपाकघरात आहेत, पानाच्या टपरीवर आहेत, रात्रपाळीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये आहेत, मोतीबिंदूमुळे स्क्रीन दिसत नाही अशा आज्या आहेत. आणि जे गाणं आपल्याला माहितीये हेच आपण विसरलोय ते सर्च करताच येत नाही, ते कोणीतरी लावावंच लागतं.

दुसरं म्हणजे हे सगळं आपल्याकडे एकदा होऊन गेलंय. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर केंद्रात माहिती आणि प्रसारण मंत्री झाले, आपल्या पुण्याचेच, शास्त्रीय संगीताबद्दल त्यांना मनापासून आस्था होती आणि फिल्मी गाणी त्यांना हलकी वाटायची, म्हणून आकाशवाणीवरून ती जवळजवळ गेलीच. लोकांनी काय केलं? सुई फिरवून श्रीलंकेचं रेडिओ सिलोन लावलं. त्याच सुमारास तिथे अमीन सायानींची गीतमाला, म्हणजे फिल्मी गाण्यांचा कार्यक्रम, सुरू झाली आणि अख्खा देश बुधवारी रात्री रेडिओला चिकटून बसायला लागला. शेवटी सरकारला ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. सिलोनवर रोज सकाळी जुन्या चित्रपटांच्या संगीताचा कार्यक्रम असायचा आणि त्याचा शेवट सैगलच्या गाण्याने व्हायचा, लोक त्यावर घड्याळ लावायचे. म्हणजे ऐकणाऱ्याला हवं ते दिलं नाही तर तो भांडत बसत नाही, गुपचूप निघून जातो. आज तो युट्यूबवर गेलाय एवढाच फरक.

परदेशातलं एक उदाहरण यात अगदी चपखल बसतं म्हणून सांगतो. न्यूयॉर्कचं डब्ल्यूसीबीएस-एफएम, १०१.१, हे वर्षानुवर्षं जुन्या गाण्यांचं स्टेशन होतं. जून २००५ मध्ये मालकांनी एका दिवसात फॉरमॅट बदलला, निवेदक काढले, "कुठलंही गाणं वाजवू" असला प्रकार सुरू केला. ऐकणारे भडकले, रेटिंग घसरलं आणि जुलै २००७ मध्ये तेच स्टेशन मुकाट्याने जुन्या गाण्यांवर परत आलं.

आता आपल्याकडच्या खाजगी स्टेशन्सचं म्हणणं असतं की जाहिरातदाराला तरुण ऐकणारे हवेत. मला हे लोकल पातळीवर पटत नाही. कोल्ड्रिंकवाल्या मोठ्या कंपनीला कॉलेजची पोरं हवी असतील, मान्य. पण नाशिक, कोल्हापूर, सोलापूरसारख्या गावात जाहिरात कोण देतं? सराफ, साड्यांची दुकानं, पतसंस्था, डोळ्यांची हॉस्पिटलं, यात्रा काढणारे टूरवाले. यांचं गिऱ्हाईक पन्नाशीच्या पुढचंच आहे की! एफडी करणारा माणूस कोण, चारधामला जाणारा माणूस कोण? शिवाय श्रोते मोजायची रॅम नावाची जी पद्धत आली ती मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चार शहरांपुरतीच होती, पुणं-नागपूरसुद्धा त्यात नव्हतं. तिथल्या निष्कर्षावर परभणीत काय वाजवायचं ते ठरवणं चूक आहे.

आणि पैसे लोक देतात. २०१७ मध्ये सारेगामाने कारवाँ काढला, दिसायला जुन्या रेडिओसारखा डबा, आत ५००० जुनी गाणी भरलेली, किंमत काही हजारात, आणि मुलांनी आईवडिलांसाठी तो धडाधड विकत घेतला, पुढे मराठी गाण्यांचाही आला. तीच गाणी फोनवर फुकट असताना! लोकांनी पैसे मोजले ते बटण दाबलं की एकामागून एक गाणी लागतात या सोयीसाठी, आणि ही सोय म्हणजेच रेडिओ.

एक कायद्याची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. भारतात ध्वनिमुद्रणावरचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६४ पर्यंत बाजारात आलेल्या रेकॉर्ड्सवरचा म्युझिक कंपनीचा हक्क १ जानेवारी २०२५ ला संपला, आणि दरवर्षी आणखी एकेक वर्ष मोकळं होत जाणार. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क मात्र त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, तो द्यायलाच हवा आणि आनंदाने द्यावा. तरीही छोट्या स्टेशनला सगळं पन्नासचं दशक कंपनीला एक पैसा न देता वाजवता येतो ही केवढी मोठी गोष्ट आहे.

आता मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते. लोकल स्टेशन असेल तर जुनं म्हणजे तिथलं जुनं हवं. जुनी मराठी गाणी म्हटलं की आपण फडके, लता, आशा, फार तर अरुण दाते यांच्यावर थांबतो. मला ती सगळी जीव की प्राण आहेत. पण सुलोचना चव्हाणांच्या लावण्या कुठे आहेत? शाहीर साबळे, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे कुठे आहेत? प्रल्हाद शिंदेंचा आवाज आषाढीला आणि आंबेडकर जयंतीला लाउडस्पीकरवर गावोगाव वाजतो, मग एफएमवर का नाही? विठाबाई नारायणगावकरांना तर जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात रोज ऐकवलं पाहिजे. गोव्यात जुने मांडो, कोकणात कोळीगीतं, विदर्भात खडी गंमत या लोकनाट्यातली गाणी. मुंबईत बसून बनवलेल्या प्लेलिस्टला हे कधीच जमणार नाही. आणि आकाशवाणीच्या केंद्रांकडे तर स्वतःची रेकॉर्डिंग्ज आहेत. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झालं आणि दोनच वर्षांत, एप्रिल १९५५ पासून, गदिमा-फडक्यांचं गीतरामायण तिथूनच दर आठवड्याला एक गाणं असं ५६ गाणी होईपर्यंत चाललं. एका लोकल केंद्राने केलेलं काम आहे ते. अशा केंद्रांच्या कपाटातल्या टेप बाहेर काढा, रोज एक तरी वाजवा.

आणि निवेदक परत आणा! हे नसेल तर बाकी सगळं फुकट. विविध भारतीवर अजूनही गाण्याआधी चित्रपट, गीतकार, संगीतकार, गायक सांगतात. चार नावं, जेमतेम दहा सेकंद. माझ्या पिढीला राम कदम, वसंत पवार, दत्ता डावजेकर ही संगीतकारांची नावं शाळेने नाही शिकवली, रेडिओने शिकवली. आता बऱ्याच ठिकाणी सुरुवातीची सतार वाजत असतानाच कोणीतरी वरून बडबड करतं आणि शेवटचं कडवं कापून जाहिरात येते. अहो, जुनी गाणी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूत मावावीत म्हणून आधीच तीन-साडेतीन मिनिटांची बांधलेली आहेत, त्यात अजून काय कापता! बिग एफएमवर अन्नू कपूर गाण्यांमागचे किस्से सांगायचे तो कार्यक्रम तरुण पोरंसुद्धा ऐकायची, म्हणजे सांगणारा माहीतगार असेल तर वय आड येत नाही.

वयावरून आठवलं, "जुनं" ही हद्द पुढे सरकत असते हे स्टेशनवाल्यांनी लक्षात घ्यावं. १९८५ मध्ये आमचे वडील ज्यांना जुनी गाणी म्हणायचे ती तीस वर्षांपूर्वीची होती. त्याच हिशोबाने १९९४-९५ ची गाणी आज जुनी झालीत आणि ती ऐकणारे आत्ता पंचेचाळीस-पन्नासचे आहेत, कमावते आहेत, रोज तासभर गाडीत अडकलेले असतात. त्यामुळे सकाळी सात ते नऊ तबकडीच्या काळातलं, संध्याकाळी घरी जायच्या वेळी ऐंशी-नव्वदचं, आणि रात्री नऊनंतर मराठी भावगीतं आणि नाट्यसंगीत, असं केलं तर पूर्ण स्टेशन बदलायचीही गरज नाही. फर्माईश मात्र हवीच, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपच्या आवाजी मेसेजवर घ्या, म्हणजे ज्यांना टाइप करता येत नाही त्यांनाही सांगता येईल आणि फर्माईशींमुळे गाजलेल्या झुमरी तलैया गावासारखं आपल्या एखाद्या तालुक्याचं नाव गाजेल.

तुमच्या गावात खाजगी स्टेशन असेल तर त्यांच्या प्रोग्रॅमिंगवाल्यांना मेल करा, पण नुसतं "जुनी गाणी लावा" असं लिहू नका, दहा गाण्यांची यादी द्या, गायक-संगीतकारासकट, आणि गल्लीतल्या एका दुकानदाराला त्या वेळेत जाहिरात द्यायला तयार करून त्याचं नाव सोबत जोडा. ते मेल नक्की उघडलं जातं.