सोलापूर जिल्ह्यातील एका गावाची लोकसंख्या आणि वाहतुकीची माहिती अहवालासाठी हवी आहे. ती कुठे मिळेल आणि कितपत भरवशाची असते?

२०११ ची सोलापूर जिल्हा जनगणना पुस्तिका घ्या. तिच्या ‘ब’ भागात गाववार कुटुंबे, स्त्री-पुरुष, साक्षर आणि कामकरी यांचे आकडे आहेत. ‘अ’ भागात बस, रेल्वे, रस्ते या सोयी आहेत. जी सोय गावात नाही ती पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा की दहाच्या पुढे, एवढे त्यात कळते. अहवालाची पाने त्यातून भरतील. भरवशाचे विचाराल तर, मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडील कोरडवाहू गावात वाढलेला माणूस म्हणून सांगतो, त्या नोंदींवरून गाव कळत नाही.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत होती. पुढे हायस्कूल गाठायचे तर फाट्यापर्यंत चार किलोमीटर चालायचे, नाही तर गावात येणारी एकमेव गाडी धरायची. आणि ती शाळा भरून गेल्यावर येई. धाकट्या बहिणीकडे मुलींचा मोफत पास होता, पण त्या वेळेला गाडी नव्हती. वडिलांनी सकाळच्या फेरीसाठी अर्ज केला आणि मला बरोबर घेऊन ते एका कार्यालयात गेले. तेथील साहेबांनी गावाची लोकसंख्या पाहून एवढ्या वस्तीला दुसरी फेरी परवडत नाही असे सांगितले, शिवाय ‘बससेवा : आहे’ ही नोंदही दाखवली. वडील म्हणाले, “साहेब, निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असताना तुम्ही माणसं मोजली.”

वडिलांचे म्हणणे रागाचे नव्हते, हिशेबाचे होते. ती गणना ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात झाली, आणि कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्या सबंध काळात जो घरी नाही त्याला घरी मोजायचे नाही, तो जिथे असेल तिथे मोजायचे, असा गणनेचा नियम आहे. म्हणजे टोळीबरोबर गेलेले जोडपे आणि त्यांची लेकरे नोंदली गेलीच तर फडाच्या गावात; जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा मात्र तीच लेकरे आमच्या गावात असतात आणि त्यांना गाडी आमच्या गावातून लागते.

बहिणीची शाळा आठवीत सुटली. आमचे चुलते अजूनही म्हणतात की पोरीला शिकायचेच असते तर ती चालत गेली असती. मला हे मुळीच मान्य नाही. पौषात दोन्ही अंगांना ज्वारी डोक्याच्या वर गेलेली असताना त्या वाटेने तेरा वर्षांच्या मुलीला एकटी धाडायला तेव्हा चुलतेही तयार नव्हते, आणि त्यांच्या स्वतःच्या मुलाला त्याच वर्षी सायकल मिळाली होती.

म्हणून बस ‘आहे’ एवढेच लिहून थांबू नका. पहिली गाडी किती वाजता येते, मुक्कामी गाडी आहे का, परतीची शेवटची कोणती, वडाप, म्हणजे माणसे भरून नेणारी खाजगी जीप, किती माणसे भरल्यावर निघते, हे पारावर बसून विचारा. बायकांना वेगळे विचारा, कारण मार्च २०२३ पासून एसटीत त्यांना अर्धे तिकीट असले तरी गाडी नसेल तेव्हा वडापाचे भाडे पूर्णच द्यावे लागते. आठवीत नाव घातलेल्या मुलींपैकी दहावीला किती बसल्या, हे शाळेच्या दप्तरात पाहा. चालत गेली असती म्हणणाऱ्यांना तो आकडा दाखवता येतो.

हे साऱ्या जिल्ह्याला लागू नाही. माळशिरस-पंढरपूरकडील उसाच्या गावांत फेब्रुवारीत उलट बाहेरची माणसे आलेली असतात, आणि कुर्डुवाडी, मोहोळसारख्या रेल्वेच्या गावांचे गणित निराळे आहे. ४३,१७,७५६ या जिल्ह्याच्या बेरजेत हा फरक दिसणारही नाही. तो हजार-दीड हजार वस्तीच्या गावात दिसतो. पुढील गणनाही फेब्रुवारी २०२७ मध्येच ठरली आहे. तेव्हा ज्या गावाचा अहवाल लिहाल तेथील ग्रामपंचायतीला तोडीला गेलेल्या कुटुंबांची वेगळी यादी ठेवायला सांगा, म्हणजे गाडीची फेरी मागताना ती अर्जाला जोडता येईल.