बटणाआधीचा पडदा

समुद्रपूर तालुका, जि. वर्धा

प्रिय बेटा,

तुझा मसुदा वाचला. ‘अण्वस्त्रांचं बटण एआयच्या हाती देऊ नये’ हे पहिलं वाक्य खोडू नकोस, पण त्यावर तीन पानं घालवलीस ती कमी कर. त्यावर आता फारसं भांडण नाही. 16 नोव्हेंबर 2024 ला पेरूतल्या लिमा शहरात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन आणि चीनचे शी जिनपिंग यांनी अण्वस्त्र वापरायचा निर्णय माणसाच्याच ताब्यात राहायला हवा, हे मान्य केलं. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स 2022 पासून तेच म्हणतात. आपल्याकडे 4 जानेवारी 2003 च्या सरकारी निवेदनानुसार वापराची परवानगी फक्त पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची राजकीय परिषद देऊ शकते. कागद सगळ्यांचे ठीक आहेत.

अडचण बटणाच्या अलीकडे आहे. निर्णय घेणाऱ्या माणसाच्या पडद्यावर काय येतं, ते कोण ठरवतं, आणि ‘नाही’ म्हणायला त्याच्या हातात मिनिटं किती?

आपल्या वावराच्या धुऱ्यावरची, कुंपणाच्या तारेत करंट सोडणारी झटका मशीन घे. रोही (नीलगाय) किंवा डुक्कर तारेला भिडलं की हूटर वाजतो. श्रावणात गवत वाढतं, ओलं पातं तारेला टेकतं, करंट जमिनीत उतरतो, व्होल्टेज पडतं आणि हूटर तसाच वाजतो. जागलीवरचा माणूस पहिल्या रात्री बॅटरी घेऊन पळतो, तिसऱ्या रात्री कूस बदलतो, पाचव्या रात्री हूटरची वायरच काढून ठेवतो. मशीनला डुक्कर कधी दिसतच नाही, तिला व्होल्टेज दिसतं. इशारा देणाऱ्या उपग्रहालाही क्षेपणास्त्र दिसत नाही, उजेड आणि उष्णता दिसते.

26 सप्टेंबर 1983 ला मध्यरात्रीनंतर सोव्हिएत उपग्रह यंत्रणेनं अमेरिकेतून आधी एक आणि मग आणखी चार क्षेपणास्त्रं निघाल्याचं दाखवलं, तेही सर्वोच्च खात्रीनं. उंच ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन होतं ते. ड्युटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव्हनं वर खोटा इशारा म्हणून कळवलं. तू त्याला ‘धाडसी’ लिहिलंस, पण वाचणाऱ्याला त्याचा उपयोग काय? कारणं लिही. पाचच क्षेपणास्त्रांनी कोणी महायुद्ध सुरू करत नाही. जमिनीवरचं रडार दुजोरा देत नव्हतं. आणि मुख्य म्हणजे तो इंजिनिअर होता, यंत्रणा नवी आणि घाईत उभी केलेली आहे हे त्याला आतून माहीत होतं. आतलं न कळणारा माणूस त्या खुर्चीत बसवला, तर माणूस असूनही ताबा नसतो.

3 जून 1980 ची गोष्ट मसुद्यात नाही, ती जरूर घे. अमेरिका-कॅनडाच्या आकाशावर नजर ठेवणाऱ्या नोराड केंद्रातून इतर ठाण्यांकडे सतत चाचणीचे संदेश जायचे, लाईन चालू आहे का बघायला. संदेशाचा साचा खऱ्या इशाऱ्याचाच, फक्त क्षेपणास्त्रांच्या संख्येच्या जागी शून्यं. 46 सेंटची एक चिप बिघडली आणि काही शून्यांच्या जागी 2 उमटू लागले. पडद्यावर कधी 2, कधी 200, कधी 2200 क्षेपणास्त्रं! आकडे असे उड्या मारताहेत आणि दुसरं कुठलंही यंत्र काही दाखवत नाही, यावरून माणसांना शंका आली. चूक चिपची कमी आणि साच्याची जास्त होती. चाचणीचा संदेश खऱ्यासारखा दिसताच कामा नये. त्याच्या आदल्या वर्षी, 9 नोव्हेंबर 1979 ला, सरावाचा हल्ला चालू यंत्रणेच्या पडद्यावर गेला होता. त्यानंतर चाचण्यांसाठी वेगळी जागा बांधली गेली. एआयसाठी हाच प्रश्न पुढे ने: अणुहल्ल्याचा खरा डेटा जवळपास नाहीच, मॉडेल शिकणार ते बनवलेल्या हल्ल्यांवर. सराव आणि खरं यांची सरमिसळ तिथं मुळातच बसलेली आहे.

आता हिशेब. समज, मॉडेल शांत आकाशाला हजारात एकदाच ‘हल्ला’ म्हणतं. ऐकायला छान. ते दर मिनिटाला एकदा बघतं असं धर. वर्षाची मिनिटं 5,25,600, म्हणजे खोटे इशारे सुमारे 525, रोजचा दीड. खरे हल्ले शून्य. इशारा द्यायचा उंबरठा वर नेला तर इशारे कमी होतील, पण खरा हल्ला सुटायची शक्यता वाढेल. ‘अचूकता 99.9 टक्के’ असं कुणी म्हणालं की आधी दिवसाला किती वेळा बघतो, ते विचार.

त्यावर उत्तर येईल, ‘आमच्याकडे दोन वेगळे स्रोत आहेत.’ उपग्रह उष्णता बघतो, रडार रेडिओलहरी. तत्त्व वेगळं असल्यानं एकाची चूक दुसरा पकडतो, हे खरंच. पण दोघांचा डेटा एकाच मॉडेलमधून चाळून आला, तर साक्षीदार एकच उरला. एकाच फेजवर दोन मीटर लावून ‘दोन्ही सारखंच दाखवतात’ म्हणण्यासारखं आहे ते.

वेळेचं गणित आपल्या उपखंडात जास्त कठीण आहे. खंडापार जाणारं क्षेपणास्त्र साधारण 30 मिनिटं घेतं. भारत-पाकिस्तानमध्ये बऱ्याच लक्ष्यांसाठी दहाच्याही आत. त्यातून ओळख, दुजोरा, फोन आणि चर्चा वजा कर. एआय ओळख लवकर पटवेल, पण वाचलेली मिनिटं विचाराला मिळतील याची हमी कोण देतं? बहुतेकदा मुदतच आवळली जाते. 9 मार्च 2022 ला आपलं ब्राह्मोस चुकून सुटून पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडलं. त्यावर स्फोटक नव्हतं, चौकशीनंतर तीन अधिकारी बडतर्फ झाले. उड्डाणाची आगाऊ कल्पना देण्याचा दोन देशांमधला 2005 चा करार बॅलिस्टिक, म्हणजे वर जाऊन कमानीत खाली येणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांचा; ब्राह्मोस क्रूझ, म्हणजे विमानासारखं उडत जाणारं, त्यामुळे ते त्या करारात बसत नाही. त्या मिनिटांत पलीकडे आपोआप ठरवणारी यंत्रणा असती तर, हा प्रश्न मसुद्यात हवा.

माणूस समोर बसवूनही काय होतं, याला 23 मार्च 2003 चा दाखला आहे. इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट या हवाई संरक्षण यंत्रणेनं मित्रदेश ब्रिटनचं टॉर्नेडो विमान पाडलं, दोघे गेले. संगणकानं विमानाला रडारवर चालून येणारं क्षेपणास्त्र ठरवलं होतं. समोरच्या माणसांजवळ ते खोडायला ना वेळ होता, ना दुसरी माहिती.

आता एक तक्ता कर. उभ्या ओळीत टप्पे: सेन्सर, ओळख, गोषवारा, सल्ला, आदेश, आदेशाची खातरजमा, डागणी. आडव्या रकान्यांत: कोण करतं, किती वेळात, कशावरून, आणि ‘नाही’ म्हणता येतं का. शेवटच्या टप्प्यांवर दोन माणसांचा नियम (एकट्याला डागता येत नाही) आणि कोडची कुलपं जुनीच आहेत, तिथं रेंगाळू नकोस. गोषवाऱ्यापाशी थांब. एआय तिथून शिरेल, आणि कोणाला ते शस्त्राशी जोडलेलं वाटणारही नाही. मूळ अहवालात ‘एकाच स्रोतावरून, शक्यता कमी’ असतं, गोषवाऱ्यात ‘हालचाल आढळली’ उरतं. म्हणून तिथं दोन अटी लिही: शंकेचे शब्द जसेच्या तसे वर गेले पाहिजेत, आणि मूळ अहवाल त्याच पडद्यावर उघडता आला पाहिजे.

वेळेच्या रकान्यात ‘पुरेसा’ लिहू नकोस, मिनिटं लिही. कापसाचा पहिला वेचा होईपर्यंत मी इथंच आहे, तोवर तक्ता पाठव.

तुझा,
काका