वाचकांचे प्रश्न : पक्षाघातानंतर उठणं, हात उघडणं, चालणं

प्रश्न : बाबांना चार महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. उजवी बाजू कमजोर आहे. धरून दहा-बारा पावलं चालतात, पण खुर्चीतून दोघांनी काखेत हात घालून उठवावं लागतं. आम्ही रोज अर्धा तास त्यांचे हातपाय हलवून देतो. तरी ताकद का येत नाही?

उत्तर : तुम्ही हातपाय हलवून देता त्याने सांधे आखडत नाहीत, एवढा फायदा खरा. पण त्यात मेहनत तुमची होते. इजा झालेल्या भागाची कामं मेंदूचे इतर भाग हळूहळू शिकू शकतात. त्यासाठी बाबांनी स्वतः जोर लावायला हवा, आणि तोही पुष्कळ वेळा. उठणं अडलंय ना? मग सराव उठण्याचाच करा.

हातांची, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. बैठकीवर घट्ट उशी किंवा घड्या घातलेली चादर ठेवून ती इतकी उंच करा की कंबर गुडघ्यांच्या वर राहील. पायांत बूट हवेत, मोजे घसरतात. बाबांना बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत सरकू द्या. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. इथेच बहुतेकांचं चुकतं. कमजोर पाऊल नकळत पुढे सरकतं आणि सगळा भार चांगल्या पायावर जातो. पावलांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा.

आता वाकायचं. नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत अंग पुढे झुकवायचं आणि मगच पायांनी जमीन दाबत उठायचं. पुढे पडण्याच्या भीतीने माणूस मागे रेलूनच उठायला बघतो, म्हणून त्याला ओढावं लागतं. मदतनीसाने कमजोर बाजूला, किंचित पुढे उभं राहून कमरेचा पट्टा धरावा. काखेत हात घालणं आजपासून बंद. पक्षाघातात खांद्याचा सांधा जागेवर धरणारे स्नायू ढिले पडतात. ओढल्याने तो खाली निसटतो, आणि खांदा दुखायला लागला की हाताचा व्यायाम महिनोन्‌महिने अडतो.

बसताना धपकन बसू देऊ नका. चार आकडे मोजत खाली यायचं. मांडीला खरी मेहनत तिथे पडते. आकडे मोठ्याने मोजायला लावा, म्हणजे श्वास कोंडला जात नाही. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो.

सुरुवात पाच वेळा उठण्यापासून, मग दोन मिनिटं विश्रांती. अशा तीन फेऱ्या. सलग दहा वेळा सहज जमलं की उशीची जाडी दोन-तीन सेंटिमीटरने कमी करा. उशीशिवाय जमू लागलं की चांगलं पाऊल थोडं पुढे ठेवा, म्हणजे कमजोर पायाला पळवाट उरत नाही. भार खरोखर येतोय का ते पाहायचं असेल, तर टेबल धरून उभं करून कमजोर पावलाखाली वजनकाटा आणि दुसऱ्या पावलाखाली तेवढ्याच उंचीची फळी ठेवा. साठ किलोच्या माणसाचा काटा तिशीच्या जवळ यायला हवा. सुरुवातीला तो बराच कमी दिसेल.

व्यायामाआधी रक्तदाब किती असला तर थांबायचं, हा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. नाडीचा वेग कमी ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नाडी मोजून दमणूक कळणार नाही. बोलताना वाक्य पूर्ण करता येतंय का, ते पाहा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबवा. चेहरा वाकडा झाला, बोलणं अडखळलं किंवा नव्याने बळ गेलं, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा.

प्रश्न : आईची बोटं मिटलेली राहतात. दिवसभर चेंडू दाबायला दिलाय. बरोबर आहे ना?

उत्तर : नाही. मूठ वळणं तिला जमतंच, अडलंय ते उघडणं. चेंडू नेमकी नको ती सवय पक्की करतो. हात टेबलावर, पंजा कडेबाहेर लोंबता ठेवून मनगट वर उचलायला सांगा, दहा-दहा वेळा. मग पेला पकडणं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सोडणं.

मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी वर येत असतील, तर चांगल्या हातात हातमोजा घालून कमजोर हाताला कामाला लावण्याच्या पद्धतीबद्दल फिजिओथेरपिस्टला विचारा. पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेल्यांवर तिची दोन आठवड्यांची चाचणी झाली. २००६ साली आलेल्या निष्कर्षांत हाताचा वापर सुधारलेला दिसला. हात अजिबात हलत नसेल तर ही पद्धत उपयोगाची नाही. चालताना हातमोजा काढायचाच. तोल गेला तर सावरायला तोच हात लागतो.

प्रश्न : वर्ष झालं. आता व्यायामाने काही फरक पडेल? आणि काठी कोणत्या हातात धरायची?

उत्तर : पहिल्या तीन महिन्यांतला वेग आता नसेल, पण ताकद आणि चालणं वर्षानंतरही सुधारतं. काठी चांगल्या हातात. हात सरळ सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेला यावी. आधी काठी, मग कमजोर पाय, मग चांगला. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि कमजोर पाय आधी. चवडा जमिनीला घासत असेल तर ‘पाय उचला’ असं ओरडून उपयोग नाही. घोट्याला आधार देणारा पट्टा मापाने करून घ्या.