छोट्या धंद्याची वेबसाइट करताना कुठल्या चुका टाळाव्यात?

तुम्ही विचारलंय चुका कुठल्या टाळाव्यात, आणि खाली लिहिलंय 'डिझाइन एकदम भारी पाहिजे'. त्या भारी शब्दामुळंच मी लिहायला बसलोय. होस्टिंग, बॅकअप वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मजकुराचं चित्र करून टाकणं. आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडं निम्म्या मराठी साइट अशाच आहेत असं मला वाटतं, आणि ह्यातली एक माझ्या हातची होती.

माझ्या मामांचं बेळगावात शहापूरला डीटीपीचं (कॉम्प्युटरवर पत्रिका, पत्रकं जुळवून द्यायचं) दुकान आहे, आयुष्य लग्नपत्रिकांत गेलं, मी पण तिथंच बसून कॉम्प्युटर शिकलो. २०१९ ला त्यांच्या ओळखीतल्या एका मंगल कार्यालयाची वेबसाइट करायला मिळाली. डिझाइन मामांचं, कोडिंग माझं. मामांनी कोरल ड्रॉ ह्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खं होम पेजच पत्रिकेसारखं केलं, मरून रंग, सोनेरी अक्षरं, वर गणपती, तोरण, मग हॉलचं भाडं, किती माणसं बसतात, जेवणाची पंगत कुठं, आणि एकदम तळाला फोन नंबर. सगळ्याची मिळून एक जेपीजी, म्हणजे चित्राची फाइल, साडेसात एमबीची. मी म्हटलं मामा, हे टाइप करून टाकूया. तर म्हणाले, "काय करूलालास रे, सगळं साधं साधं दिसूलालंय. पत्रिका कोण टाइप करून वाटतंय काय?"

त्यांची अडचण खोटी नव्हती. त्यांचा सगळा मजकूर श्रीलिपी ह्या डीटीपीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टात होता. ह्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या कोडवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात, त्यामुळं तो मजकूर कॉपी करून ब्राउझरमध्ये टाकला की नुसता इंग्रजी कचरा दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर आहे म्हणून ते कुठल्याही फोनवर मराठीच दिसतं. पण म्हणजे सगळं कन्व्हर्ट करून तपासायचं नाहीतर नव्यानं टाइप करायचं, आणि मालकांना तर जेपीजी बघूनच आवडली होती. मोठ्या माणसासमोर किती बोलणार, मी गप्प बसलो आणि ती तशीच चढवली.

पुढच्या लग्नसराईत कणकुंबीकडचे एक गृहस्थ स्वतः कार्यालयात आले. मुलीचं लग्न, तारीख धरायची होती. त्यांनी मालकांना तोंडावर सांगितलं की गावात रेंज एक कांडी, रस्त्यावर उभं राहून साइट उघडली तर वरनं पट्टी पट्टी करून गणपती आला, तोरण आलं, आणि नंबर यायच्या आधीच अडकली. तीनदा उघडल्यावर नंबर आला तर तो मुंगीएवढा, बोटांनी मोठा करून बघायचा, आणि दाबलं तर फोन लागत नाही. शेवटी बायकोनं वाचून दाखवला आणि ह्यांनी हातावर लिहून घेतला, त्यात एक आकडा चुकला. म्हणून एसटी धरून आले. जे आले नाहीत ते किती, कुणाला माहीत. शिवाय गूगलवर 'बेळगाव मंगल कार्यालय' टाकलं तर आमची साइट कुठंच नाही, कारण पानावर तो शब्द अक्षरात नव्हताच.

मालक मामांना बोलले, आणि मामा मला म्हणाले, तुझं कोडिंग चुकलं. ते मला अजून लागतं.

दोन रात्री बसून मी सगळं परत केलं, पैसे न घेता. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला, नंबर सगळ्यात वर, दाबला की फोन लागणारा, हॉलचे फोटो वेबपी ह्या हलक्या फाइल प्रकारात करून दीडशे केबीच्या आत. बेळगाव आणि बेळगावी दोन्ही नावं घातली, कारण २०१४ ला नाव बदललं तरी लोक दोन्ही शोधतात. कन्नड पान वेगळं. तरी थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, इंग्रजीसाठी केलेली असल्यामुळं हेडिंगला लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली जादा जागा) होतं, त्यानं शिरोरेषा तुटून 'मंगल' तीन तुकड्यांत दिसायला लागलं, ते शून्य केलं. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, कमी होती, रफार आणि वेलांट्या वरच्या ओळीत घुसत होत्या, ती वाढवली.

मग मामांना दाखवलं. बराच वेळ बघितलं आणि बोट ठेवलं, "हा ल आपला न्हवं." बरोबर होतं. पानाची भाषा चुकून हिंदी लावली होती आणि काही फॉन्ट भाषा बघून ल आणि श चा आकार बदलतात. कोडमध्ये हिंदीच्या 'एचआय'चं मराठीचं 'एमआर' केलं, ल आपला झाला. मी इतके दिवस कोड बघत होतो, मला दिसलं नव्हतं.

तेव्हा तुम्ही डिझायनरला जरूर घ्या, फक्त मजकूर त्याच्याकडनं युनिकोडमध्ये मागा. स्लायडर, म्हणजे आपोआप सरकणारे फोटो, नको, पहिला फोटो सरकायच्या आत माणूस निघून जातो. आणि साइट झाली की स्वस्तातल्या फोनवर, वायफाय बंद करून, जांबोटीच्या पुढं, म्हणजे रेंज कमी असते तिथं, जाऊन उघडून बघा.

आणि हो, चित्र कुठंच नको असं मी म्हणत नाही, लोगो, फोटो, जुन्या पत्रिकांचा नमुना ह्याला चित्रच लागतं, फक्त ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्रात काय आहे ते कोडमध्ये अक्षरात, लिहा. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, मात्र स्वतःच्या नावावर घ्या, करून देणाऱ्याच्या नाही, त्यावर परत कधी लिहीन.

मामा परवाच एका नवीन गिऱ्हाइकाला सांगत होते की पोरानं उगाच दोन रात्री घालवल्या, जेपीजी थोडी लहान केली असती तरी चाललं असतं. नसतं चाललं, मामा. नंबर दाबता आला नसता.