फितींची विचारपूस : हलच्या माडीवरची गाणी

प्रश्न : माझे वडील १९७४ ते १९७८ या काळात इंग्लंडमधल्या हल शहरात डॉक्टर होते. ड्यूटी नसेल त्या शुक्रवारी ते आईला घेऊन एका पबच्या माडीवर भरणाऱ्या लोकगीतांच्या बैठकीला जात आणि तिथल्या मंडळींना विचारून, मांडीवर छोटा टेपरेकॉर्डर ठेवून गाणी टिपत. त्यांच्या मागे ११ कॅसेट निघाल्या, सगळ्या ९० मिनिटांच्या. वर बाबांच्या अक्षरात ‘शुक्रवार, माडी’ आणि तारीख, बस. एकीच्या कडेला पांढरी पूड दिसते. दुसरी लावून पाहिली तर फुसफुस फार, आवाज दबका, आणि शेवटाकडे सगळे घाईघाईने गातात असं वाटतं. मधे बाबांचा खोकला येतो आणि आईला हळूच म्हणालेलं ‘बघ, आता सगळे उचलतील’ हे वाक्य. हे सगळं काढून स्वच्छ गाणी यूट्यूबवर टाकू, असं मुलगा म्हणतो. काय करावं? (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : ताई, पांढरी पूड दिसते ती कॅसेट आजच इतरांपासून वेगळी करा. ती बुरशी आहे. खाडीकाठच्या हवेत चार पावसाळे बंद कपाटात काढले की येतेच. ती कॅसेट यंत्रात घातलीत तर बुरशी यंत्राला लागेल आणि तिथून उरलेल्या दहांना. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, हाताळताना तोंडाला मास्क बांधा, आणि कवच उघडून फीत पुसणाऱ्या माणसाकडेच द्या.

आता घाईबद्दल. बाबांचं यंत्र बहुधा सेलवर चालत असणार. सेल उतरत गेले की मोटर मंदावते, फीत सावकाश सरकते. तीच फीत आज ठरलेल्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरने वाजवली, की गाणारे घाईत आणि वरच्या पट्टीत ऐकू येतात. वेग नुसत्या कानाने बेतू नका, आधार शोधा. त्या बैठकांमध्ये कॉन्सर्टिना हमखास असतो. दोन हातांत मावणारी, सहाकोनी, भात्याची छोटी पेटी. आपल्या पेटीसारख्याच तिच्यात धातूच्या पट्ट्या असतात, त्यामुळे तिचा सूर एका संध्याकाळीत हलत नाही. कॅसेटच्या सुरुवातीला, सेल ताजे असताना, तिचा जो सूर लागतो तोच शेवटपर्यंत लागला पाहिजे. मात्र जुन्या कॉन्सर्टिना आजच्यापेक्षा चढ्या सुरात जुळवलेल्या असू शकतात, म्हणून तिची तुलना तिच्याशीच करा, मोबाइलमधल्या ट्यूनरशी नको. एखाद्या संध्याकाळी यंत्र विजेवर चालवलं असेल तर आणखी सोपं. तिथली वीजही आपल्यासारखीच ५० हर्ट्झची. मागची विजेची घुंघुं सॉफ्टवेअरमध्ये ५१.५ हर्ट्झवर दिसली, तर फीत ३ टक्के जलद चालली आहे.

दबक्या आवाजाचं कारण बरेचदा फितीत नसतंच. वाजवणाऱ्या यंत्राचा हेड, म्हणजे फितीला टेकून आवाज वाचणारा भाग, रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राच्या हेडशी जुळत नसतो. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. डावा आणि उजवा आवाज मोनोमध्ये एकत्र करून ऐकत तो केसभर फिरवला की एका जागी ‘स’ आणि ‘श’ अचानक उघडतात. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करायचं. आधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या.

फुसफुशीबद्दल मात्र मला थांबून सांगायचं आहे. बावीस वर्षांपूर्वी जांभळी नाक्याजवळच्या एका भजनी मंडळाची फीत माझ्याकडे आली होती. मी ती अगदी निर्मळ केली. मंडळातले एक आजोबा ऐकून म्हणाले, “आवाज छान आलाय हो, पण टाळ कुठं गेले?” टाळांची खणखण आणि फितीची फुसफुस ध्वनीच्या एकाच वरच्या पट्ट्यात राहतात, सॉफ्टवेअरने दोन्ही उचलली होती. मूळ, हात न लावलेली प्रत मी ठेवली नव्हती, आणि ती फीत पुढच्या वर्षी तुटली. त्या टाळकऱ्यांतले बरेच जण आज नाहीत. हे मला अजून टोचतं.

म्हणून आधी कच्ची प्रत. संगणकावर उतरवताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. तुमच्या साडेसोळा तासांना साधारण ३४ जीबी जागा लागेल, म्हणजे एका साध्या पेनड्राइव्हएवढी. अशा दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या घरी ठेवा. सफाई करायची ती तिसऱ्या प्रतीवर. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, चांगलं चालतं. फुसफुस सहा डेसिबलच्या पुढे मी कमी करत नाही.

आणि खोकला, ग्लासांची किणकिण, पायांचा ठेका, यातलं काही काढू नका. तुमच्या बाबांच्या हलसमोर, हंबर नदीच्या पलीकडे लिंकनशायर आहे. तिथे १९०६ साली संगीतकार पर्सी ग्रेंजर मेणाच्या नळकांड्यांचा फोनोग्राफ घेऊन गेले, कारण जोसेफ टेलरसारखे गावचे वृद्ध गायक सूर जसा वाकवत, शब्दाला जसा झोका देत, ते स्वरलिपीत मावत नव्हतं. दोन वर्षांनी टेलर यांच्या ध्वनिमुद्रिका लंडनमध्ये निघाल्या. त्यांतली खरखर आजही तशीच आहे, आणि तिच्यामागे सत्तरी ओलांडलेला एक माणूस आपल्यासमोर बसून गातो. तुमच्या फितींमध्ये तर एकटा गायक नाही, अख्खी खोली आहे. हल हे वॉटरसन्स या लोकगीत गाणाऱ्या घराण्याचं शहर. त्यांनी तिथल्या ब्लू बेल पबमध्ये क्लब चालवला आणि वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्यांनी गाऊन अख्ख्या इंग्लंडला दाखवलं. अशा क्लबांत मंच नसतो म्हटलं तरी चालेल. कुणीही उठून एक गाणं म्हणतो, आणि ध्रुवपद आलं की बसलेले सगळे, जो तो आपापल्या सुरात, ते उचलतात. आपल्याकडे अभंगाचं ध्रुवपद मागचे टाळकरी उचलतात ना, तसं. ‘बघ, आता सगळे उचलतील’ हे बाबांचं वाक्य तुम्ही कापलंत तर पुढच्या क्षणी काय घडणार आहे हे ऐकणाऱ्याला कोण सांगणार? एक मराठी डॉक्टर, घरापासून इतका दूर, त्या ध्रुवपदाची वाट बघत बसलेला आहे. मला तर ते वाक्य संपूर्ण संचातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

यूट्यूबचं थोडं सबुरीनं. पारंपरिक गाणं कुणाच्या मालकीचं नसतं, पण ते त्या रात्री ज्या गळ्यातून आलं त्या गळ्याचा त्यावर हक्क असतो. आपल्या कायद्यात कलाकाराचा हा हक्क सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं टिकतो. रेकॉर्ड करायला ‘हो’ म्हणणं आणि जगाला ऐकवायला ‘हो’ म्हणणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय या बैठकांत लोक स्वतः रचलेली गाणीही गात. त्यासाठी राउड सूची बघा. स्टीव्ह राउड यांनी इंग्रजीतल्या पारंपरिक गाण्यांना क्रमांक दिले आहेत. ‘स्कारबरो फेअर’ १२, ‘बार्बरा ॲलन’ ५४. ज्या गाण्याचा क्रमांक सापडत नाही, ते कुणाचं तरी स्वतःचं असू शकतं असं धरून चाला. लंडनच्या सेसिल शार्प हाउसमध्ये संगीतकार व्हॉन विल्यम्स यांच्या नावाचं लोकसंगीताचं ग्रंथालय आहे. तिथे तारखा, शहर आणि गाण्यांची यादी कळवा. गायकांची नावं लागली, तर पहिली प्रत त्यांना किंवा त्यांच्या मुलाबाळांना पाठवा. वडिलांचा तरुणपणचा आवाज ऐकण्यासाठी तिकडेही कुणीतरी थांबलेलं असेल, जसं तुम्ही इथे थांबलात.

प्रश्न : चोरबाजारात दोन रीळं मिळाली, खोक्यावर ‘सिडमथ, १९७८’. लावली तर कर्कश किंचाळतात आणि हेडवर तपकिरी चिकट थर बसतो. ओव्हनमध्ये गरम करतात म्हणे? (एक वाचक, कोपरी, ठाणे)

उत्तर : लगेच थांबवा. तो थर म्हणजे गाणंच आहे, निघून चाललेलं. फितीवरची चुंबकीय पूड धरून ठेवणारं बंधक दमट हवेतलं पाणी शोषून मऊ झालं आहे. गरम करतात हे खरं, पण ५० ते ५५ अंशांवर, कित्येक तास, तापमान न हलणाऱ्या पेटीत. घरचा ओव्हन त्यासाठी नाही. त्याआधी रीळ उजेडासमोर धरा. प्रकाश आरपार दिसला तर फीत ॲसिटेटची आहे, तिला उष्णता अजिबात दाखवायची नाही. डेव्हनमधल्या सिडमथला १९५५ पासून लोकसंगीताचा महोत्सव भरतो, तेव्हा आत काय असेल या विचाराने मलाही स्वस्थ बसवत नाही. खोक्यावर, आतल्या कागदावर जे काही लिहिलेलं असेल त्याचे फोटो आधी काढून ठेवा. आणि तोवर रीळं उभी ठेवा, आडवी एकावर एक नकोत.