नवा टर्किश टॉवेल पाणी का टिपत नाही? तो घ्यावा कसा, धुवावा कसा?

नवा टॉवेल पाणी टिपत नाही आणि रंगीत टॉवेलवर पांढरट डाग पडलेत, असं तुम्ही विचारलंय. टॉवेल फसवा निघालेला नाही, त्यावर अजून कारखान्याचं फिनिशिंग आहे. दुकानात हाताला मऊ लागावा म्हणून शेवटी सॉफ्टनर दिलेलं असतं, बऱ्याचदा सिलिकॉनचं. त्यामुळे पाणी आत न शिरता अंगावर नुसतं पसरतं. दोन-तीन धुण्यांत फरक पडेल. पण तुम्ही दर धुण्याला फॅब्रिक कंडिशनर घालता असं लिहिलंय, ते आधी बंद करा. त्याचाही थर धाग्यावर बसतो.

मी सोलापूरचा, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेला. आमच्या टेरी, म्हणजे टर्किश, टॉवेलला जीआय मानांकन (एखाद्या गावाच्या खास मालाला मिळणारी भौगोलिक ओळख) आहे याचा मला फार अभिमान वाटतो. टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (धागा गुंडाळलेले रूळ) असतात. एक घट्ट ताणलेला, दुसरा सैल. पहिले दोन आडवे धागे फणी (धागे ठोकून बसवणारी मागाची पट्टी) थोडे अलीकडेच थांबवते आणि तिसऱ्याला तिन्ही एकदम ठोकते. त्या ठोक्यासरशी सैल ताण्याचे फास वर उभे राहतात. पाणी पितात ते हेच फास.

म्हणून एखादा फास नखात अडकून लांबला तर ओढू नका, कात्रीने कापा. टॉवेल उसवत नाही. इस्त्री करू नका, फास चपटे होतात. एका बाजूने मखमली दिसणाऱ्या टॉवेलचे फास कातरलेले असतात. दिसायला देखणा, टिपायला कमी.

घेताना जीएसएम विचारा, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. ७५ बाय १५० सेंटीमीटरचा ४०० जीएसएमचा टॉवेल साधारण ४५० ग्रॅम भरतो. दुकानात काटा असेल तर तोलूनच घ्या. हॉटेलातला ६०० चा जाड टॉवेल मोह पाडतो, पण कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तो दिवसभर वाळत नाही आणि कुबट वास धरतो. घरासाठी मी ४०० ते ४५० च सुचवेन.

बोअरच्या जड पाण्याने टॉवेल खरखरीत होतो. पावडर निम्मी करा, शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला (ब्लीचसोबत कधीच नको), आणि दोरीवर टाकण्याआधी जोरात झटका.

रंगीत टॉवेलवरच्या पांढरट डागांबद्दल: घरात कुणी मुरुमांचं क्रीम लावतं का बघा. त्यातलं बेंझॉइल पेरॉक्साइड रंग उडवतं. त्यांना पांढरा टॉवेल द्या.