नर्मदे हर, शिकोकूत!

जपानच्या शिकोकू बेटावर 88 देवळांची परिक्रमा आहे, साधारण 1,200 किलोमीटरची. इंदूरचे चौघे सायकलवाले ती करायला निघालेत, एका अंध मुलींच्या वसतिगृहासाठी देणग्या गोळा करत. त्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे प्रश्न आले आहेत. ही परिक्रमा मी सायकलवर केलेली असल्याने उत्तरं द्यायचं धाडस करतो.

किलोमीटरमागे 10 रुपये असे लोक देताहेत. विमानाचं तिकीट त्यातूनच काढलं तर? (सुदामानगर)

काढू नका. शेजारच्या काकूंनी मुलींसाठी पाचशे रुपये दिले आणि ते तुमच्या तिकिटात गेल्याचं त्यांना कळलं, तर पुढच्या खेपेला त्या कुणालाच दार उघडणार नाहीत. तिकीट, व्हिसा, राहणं सगळं आपापल्या खिशातून. देणग्या तुमच्या खात्यात घेऊच नका, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. पावतीही संस्थेचीच निघेल. देणगीवरची प्राप्तिकराची सवलत (80 जी) हवी असणाऱ्यांना आधीच सांगा की 2,000 रुपयांच्या वरची देणगी रोख दिली तर ती मिळत नाही.

तिथे कुणी जपानी माणसाने वसतिगृहासाठी म्हणून येन पुढे केले, तर नम्रपणे नाही म्हणा. परदेशी देणगी घ्यायला संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी लागते, आणि पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. हौसेपायी संस्थेला गोत्यात आणू नका.

आम्हाला जपानीचा गंध नाही, आणि चौघंही शाकाहारी. मोबाइलवरच्या भाषांतरावर भागेल का? (लोकमान्यनगर)

पाट्या वाचायला भागेल, जेवायला नाही. पहिल्याच दिवशी मी एका छोट्या हॉटेलात 'नो मीट' म्हणालो. मालकीणबाई 'हाइ, हाइ' करत आत गेल्या आणि उदोनचा (जाड शेवयांचा) वाफाळता वाडगा घेऊन आल्या. रस्सा इतका चवदार, की अर्धा संपल्यावर विचारलं कशाचा. त्यांनी आतून सुक्या मासळीची पिशवी आणून कौतुकाने दाखवली! बाईंची काही चूक नव्हती. मासळी त्यांच्या लेखी 'मीट' नव्हतीच. आणि 'हाइ' म्हणजे दर वेळी 'हो' नसतं. पुष्कळदा ते नुसतं 'ऐकतेय' असतं.

तेव्हा जपानीत छापलेलं कार्ड जवळ ठेवा: मांस, मासे आणि 'दाशी' (म्हणजे हाच तो रस्सा) चालत नाही. तोंडपाठ करायला एकच वाक्य: 'निकु तो साकाना वा ताबेमासेन.' मांस आणि मासे खात नाही. भात, तोफू, केळी मिळतात. पोहे-जिलेबीची आठवण येईल, तिला इलाज नाही. चिवडा मात्र भरपूर न्या.

देवळात बोलायची फारशी गरज पडत नाही. 'नोक्योचो' नावाची वही पुढे केली की तिथली माणसं ब्रशने लिहून त्यावर लाल शिक्के उमटवतात. ही खिडकी संध्याकाळी 5 ला बंद होते. उशिरा पोचलात तर रात्र त्याच गावात काढा.

मुलगा बौद्धांच्या देवळांत हात जोडणार. आमच्याकडे दत्ताची उपासना. त्याने तिथे म्हणायचं तरी काय? (रामबाग, एक आई)

आई, तुम्ही तिथे असतात तर बिचकला नसतात. ही परिक्रमा बौद्ध भिक्षू कूकाई ऊर्फ कोबो दाइशी (774 ते 835) यांच्या नावाने चालते. ते 804 मध्ये चीनला गेले, तिथे संस्कृतही शिकले. त्यांच्या शिंगोन पंथात अग्नीत आहुती देतात, त्या विधीला म्हणतात 'गोमा'. तो आपला होम! बेंझाइतेन म्हणजे सरस्वती. यात्रेकरू म्हणतात 'नामू दाइशी हेन्जो कोन्गो', त्यातलं 'नामू' म्हणजे आपलं नमो. मुलाने एवढं म्हटलं तरी पुरे, आणि मनात दत्ताचं नाव घेतलं तर कोण अडवतंय?

यात्रेकरूंच्या टोपीवर 'दोग्यो निनिन' लिहिलेलं असतं, दोघे सोबत चाललोय अशा अर्थाचं: एक आपण, दुसरे दाइशी. हातातली काठी म्हणजे तेच. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आधी काठीचं टोक धुतात, मग स्वतःचे पाय. सायकलवर काठी कुठे बांधणार? मी रोज संध्याकाळी सायकलची चाकं पुसायचो. शास्त्रात बसतं की नाही, देव जाणे.

वाटेत लोक खाऊ आणि पैसेही देतात म्हणे. मदत करायला निघालेल्यांनी ते घ्यावेत का? (सुदामानगर)

घ्या. त्याला 'ओसेत्ताई' म्हणतात, आणि नाकारणं तिथे बरं दिसत नाही. नर्मदेकाठी परिक्रमावासीला सदाव्रत मिळतं, तसंच. एका आजींनी मला दोन संत्री दिली. मी इंदूरी बाणेदारपणाने 100 येनचं नाणं पुढे केलं. आजींनी ते हातानेच मागे सारलं, आणि चेहरा असा पडला की मला तिथेच पुरून घ्यावंसं वाटलं. परतफेड म्हणून आपल्या नावाची पांढरी चिठ्ठी द्यायची, 'ओसामेफुदा'. गठ्ठाच घेऊन ठेवा.

मग वर येन घेऊ नका म्हणालो, ते? ते मुलींसाठी दिलेले होते, हे तुम्हाला वाटसरू म्हणून दिलेले. पुढच्या देवळात मेणबत्ती-उदबत्तीला खर्च करा. वसतिगृहाच्या हिशेबात मिसळू नका.

सायकलचं काय? सराव कुठे करावा? (सुदामानगर)

जपानी रेल्वेत सायकल सुटी करून पूर्ण पिशवीत घालावी लागते, तेव्हा पिशवी इथूनच न्या. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेत. सरावाला सिमरोलचा घाट धरून ओंकारेश्वर, सामान लादून, लागोपाठ दोन दिवस. 66 वं देऊळ 900 मीटरच्या वर आहे. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. मोबाइल हातात धरून सायकल चालवणं तिथे गुन्हा आहे, नकाशा थांबूनच बघा. बोगदे खूप आणि अरुंद, तेव्हा मागचे लाल दिवे दोन लावा. माझा एकच होता, आणि तो बोगद्याच्या मध्यात विझला.